खोली ते चिप : गेमिंग पीसीतली उष्णता नेमकी अडते कुठे?

‘गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर जातंय, चालेल का?’ या प्रश्नात निम्मी माहिती गायब आहे. खोलीत किती अंश होते? महाबळेश्वरात डिसेंबरच्या रात्री २० अंशांच्या खोलीत ८३ दिसत असेल, तर कुठेतरी गडबड आहे. चंद्रपुरात मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८३ असेल, तर तेच यंत्र झकास चाललंय. हवेवर थंड होणारी चिप खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. ती खोलीपेक्षा किती अंश वर राहते, तेवढंच आपल्या हातात असतं. पंख्यांचा वेग तोच ठेवला आणि खोली १० अंशांनी तापली, तर चिपही साधारण तेवढीच वर सरकते.

म्हणून एकटा आकडा न बघता जिना बघायचा. खालची पायरी खोलीची हवा. तिच्यावर कॅबिनेटच्या आतली हवा, त्यावर चिपचा गाभा आणि सगळ्यात वर चिपवरचा सर्वांत तापलेला ठिपका, म्हणजे हॉट स्पॉट. प्रत्येक पायरीची उंची वेगळ्या कारणाने वाढते आणि तिच्यावरचा उपायही वेगळा असतो.

समजा, रायझन ५ ५६०० हा एएमडीचा प्रोसेसर आणि १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेली, पुढे काच लावलेली एक मशीन आहे. खोली ३२ अंश, कार्डाच्या पंख्यांजवळची हवा ४८, कार्डाचा गाभा ८३ आणि हॉट स्पॉट ९७. पायऱ्यांची उंची झाली १६, ३५ आणि १४. वरच्या दोन पायऱ्या ठीक आहेत, फुगलीय ती पहिली. या मशीनचा मालक महागडी थर्मल पेस्ट (चिप आणि तिच्यावरचा कूलर यांच्यातली फट भरणारा लेप) आणून कार्ड उघडून बसला, तर रविवार जाईल आणि आकडा जेमतेम एखादा अंश हलेल. त्याचं दुखणं काचेत आहे.

किती म्हणजे जास्त?

रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, ५६००एक्सची ९५. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतल्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची १००. आरटीएक्स ३०६० ची ९३, आरटीएक्स ४०६० ची ९०. एएमडीच्या अलीकडच्या आरएक्स कार्डांत हॉट स्पॉटला ११० पर्यंत मुभा आहे. मर्यादा गाठली की चिप लगेच जळत नाही, ती स्वतःचा वेग उतरवते. एनव्हिडियाची कार्डं तर मर्यादेच्या बरीच आधीपासून, तापमान चढेल तसा क्लॉक (चिपचा वेग) १५-१५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी खाली आणत असतात. त्यामुळे जास्त तापमानाचा पहिला फटका कार्डाच्या आयुष्यापेक्षा तुमच्या कानांना आणि फ्रेम रेटला बसतो.

रायझन ७००० मालिका घेतलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यातले एक्सवाले प्रोसेसर सगळ्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या भागांवर) पूर्ण भार आला की ९५ अंशांपर्यंत मुद्दाम चढतात. वेग वाढवत न्यायचा आणि ९५ ला थांबायचं, असं त्यांचं काम ठरवलेलंच आहे. मोठा कूलर लावला तरी व्हिडिओ रेंडरिंगसारख्या जड कामात आकडा ९५ च दिसू शकतो, फक्त त्या ९५ ला वेग जास्त मिळतो. (७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ आहे.) शिवाय त्या पिढीतली कोअर असलेली चिप जेमतेम ७१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. एवढ्याशा जागेतून शंभर वॅट बाहेर काढायचे म्हणजे कूलर कितीही मोठा असला तरी दरवाजा अरुंदच.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या अस्थिरतेचा विषय तापमानाशी जोडला जातो, पण तिथलं मूळ कारण प्रोसेसरला मिळणारं जादा व्होल्टेज होतं. ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट आले. तुमच्याकडे त्यातला प्रोसेसर असेल तर कूलर बदलण्याआधी मदरबोर्डचं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

मोजायचं कसं

एचडब्ल्यूइन्फो६४ हे मोफत सॉफ्टवेअर उघडताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. प्रोसेसरच्या तापमानासाठी रायझनमध्ये ‘टीसीटीएल/टीडाय’, इंटेलमध्ये ‘सीपीयू पॅकेज’, कार्डासाठी जीपीयू तापमान, हॉट स्पॉट आणि जीपीयू पॉवर एवढ्या ओळी पुरेत. आरटीएक्स ५० मालिकेत हॉट स्पॉटचा आकडा मिळत नाही, त्याला इलाज नाही.

नेहमीचा सर्वांत जड गेम अर्धा तास चालवा. पहिली पंधरा मिनिटं सोडून द्या, कारण कॅबिनेटचा पत्रा आणि हीटसिंकचा (चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या पात्यांचा) धातू तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. मग सॉफ्टवेअरमधले जुने आकडे रिसेट करा आणि उरलेल्या वेळाची सरासरी बघा. सर्वाधिक आकड्याच्या रकान्याकडे फार बघू नका. ब्राउझर उघडला तरी रायझन क्षणभर १०-१५ अंशांनी उडी मारतो. मशीन नुसती बसलेली असताना दिसणाऱ्या तापमानावरून तर कसलाच निष्कर्ष निघत नाही.

आतल्या हवेचं तापमान मात्र सॉफ्टवेअर नीट सांगत नाही. मदरबोर्डवरचा सेन्सर कुठे बसवलाय यावर त्याचं मत अवलंबून असतं. त्यासाठी माशांच्या टाकीत टाकतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणा. त्याचं टोक कार्डाच्या पंख्याखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, पात्यांना लागणार नाही असं चिकटपट्टीने लटकवा आणि वायर मागच्या फटीतून बाहेर काढा. खोलीचं तापमानही त्याच वेळी लिहून ठेवा. हे चार आकडे कागदावर आले की अर्धं निदान झालं.

थर्मामीटर नसेल तर आणखी सोपा मार्ग आहे. गेम चालू असताना बाजूचं पॅनल काढून दहा मिनिटं थांबा. कार्ड किंवा प्रोसेसर पाच अंश किंवा त्याहून जास्त उतरला, तर दोष हवा खेळण्यात आहे. दोन अंशांचाही फरक पडला नाही, तर कॅबिनेट निर्दोष, पुढच्या पायरीकडे चला.

पहिली पायरी : कॅबिनेट

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात आणि कॉम्प्युटर टेबलात त्याच्यासाठी तीन बाजूंनी बंद असा खास कप्पा असतो. त्या कप्प्यात गेमिंग पीसी ठेवला की मागून बाहेर पडलेली गरम हवा कडेने फिरून पुढून परत आत शिरते. आधी तो डबा तिथून बाहेर काढा. मागे भिंतीपासून किमान १५ सेंटिमीटर जागा सोडा. कॅबिनेट गालिच्यावर किंवा चटईवर असेल तर खालची पॉवर सप्लायची जाळी बुजते, पाट ठेवा.

आता आकड्यांत बघू. ३०६० खेळताना १७० वॅटपर्यंत घेतं, प्रोसेसर ५०-६०, बाकीचं धरून डब्यात साधारण २५० वॅट उष्णता होते. आतली हवा खोलीपेक्षा किती तापेल याचा हिशेब साधा आहे : वॅटला दर मिनिटाला वाहणाऱ्या हवेच्या घनफुटांनी भागा आणि १.७६ ने गुणा. २८ घनफूट हवा वाहत असेल तर सुमारे १६ अंश. ५६ घनफूट असेल तर ८. म्हणजे हवा दुप्पट केली की पायरी निम्मी होते. पंख्याच्या खोक्यावर ६० घनफूट छापलेलं असतं, पण तो आकडा मोकळ्या हवेतला. पुढे काच आणि कडेला बोटभर फट असली की त्यातलं निम्मंसुद्धा आत पोचत नाही. नवं कॅबिनेट घेताना पुढची बाजू पूर्ण जाळीची घ्या. दिव्यांचा लखलखाट हवा तर तो जाळीमागेही दिसतो.

पंख्यांची मांडणी : पुढून आत ओढणारे दोन किंवा तीन, मागे बाहेर टाकणारा एक, आणि छताला मागच्या बाजूला बाहेर टाकणारा आणखी एक. छताला अगदी पुढे पंखा लावून त्याला बाहेर फेकायला लावू नका. पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो ती पळवतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली तर फटींतून धूळ ओढली जात नाही, मात्र आत ओढणाऱ्या पंख्यांपुढे गाळणी हवी.

पंखे उलटे लागलेले असणं ही दुर्मीळ चूक नाही. दिव्यांची बाजू बाहेर दिसावी म्हणून पुढचे पंखे उलटे फिरवले जातात आणि मग पुढचे-मागचे सगळेच हवा बाहेर फेकत बसतात. साध्या पंख्यात ज्या बाजूला मधल्या मोटरीला धरणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करायची असेल तर उदबत्ती लावा आणि कॅबिनेटच्या बाहेरून पंख्यापासून चार बोटं लांब धरा. धूर जाळीकडे वळून आत ओढला गेला तर पंखा आत घेतोय, धुराची रेघ मोडून तुमच्याकडे आली तर बाहेर टाकतोय. राख आत जाऊ देऊ नका.

एक बारीक खोच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मदरबोर्डला ग्राफिक्स कार्डाचं तापमान सहसा माहीतच नसतं. तो कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवतो. गेममध्ये प्रोसेसर ६५ वर निवांत असतो, कार्ड मात्र १७० वॅट ओकत असतं आणि पंखे आपले हळूहळू फिरतात. फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि पुढचे पंखे कार्डाच्या तापमानाला जोडा : ५० पर्यंत ४० टक्के, ७० ला ६५ टक्के, ८० ला ८५ टक्के. यासाठी पंखे मदरबोर्डच्या पिनांना जोडलेले हवेत. तीन पिनांचा पंखा असेल तर बायोसमध्ये ‘डीसी’, चार पिनांचा असेल तर ‘पीडब्ल्यूएम’. स्वस्त कॅबिनेटसोबत येणारे पंखे अनेकदा थेट पॉवर सप्लायच्या मोलेक्स जोडणीवर असतात. ते एकाच वेगाने फिरतात आणि कुठल्याच सॉफ्टवेअरचं ऐकत नाहीत.

विदर्भ-मराठवाड्यात कूलर म्हटलं की डोळ्यांसमोर पाण्याचा कूलर येतो, म्हणून तेही सांगायला हवं. त्याने खोली उतरते आणि खोलीसोबत चिपही, तेव्हा तो जरूर लावा. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. हवेसोबत उडालेले थेंब सुकले की बोअरच्या पाण्यातले क्षार मागे राहतात आणि ओल्या पात्यांवर धूळ नमद्यासारखी चिकटते. एसीची भीती मात्र उगाच आहे. चालू मशीनमधले भाग खोलीपेक्षा गरम असल्याने त्यांच्यावर दव धरत नाही.

दुसरी पायरी : पात्या आणि धूळ

कॅबिनेटची हवा ठीक असून गाभा तिच्यापेक्षा ४५-५० अंश वर असेल, तर आधी हीटसिंक बघा. पंख्याच्या पात्यांवरची धूळ सगळ्यांना दिसते. खरी धूळ पंख्याच्या मागे, धातूच्या पात्यांच्या तोंडाशी गादीसारखी बसते आणि पंखा काढल्याशिवाय दिसत नाही. एसी साफ करायला वापरतात तो हातातला ब्लोअर उत्तम. मशीन बंद करा, वायर काढा, गच्चीवर किंवा गॅलरीत न्या. नळी थेट टेकवू नका, वीतभर लांब धरा आणि प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो ब्लोअरच्या झोतात भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. धूळ खाणाऱ्या शहरी रस्त्यालगत दर दोन महिन्यांनी गाळणी धुवा, आतली सफाई सहा महिन्यांनी. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने पात्या पांढुरक्या पडतात, तिथे मशीन महिनोन् महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेली बरी.

५६०० सोबत येणारा छोटा कूलर उन्हाळ्यात धापा टाकतो. चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर दोन हजारांच्या आसपास येतो आणि या प्रोसेसरला पुरून उरतो. फक्त त्याची उंची (बहुधा १५५ मिलिमीटरच्या आसपास) कॅबिनेटच्या रुंदीत बसते का, ते आधी तपासा. पाण्याचा बंदिस्त कूलर या वर्गात हौस म्हणून ठीक. लावलाच तर रेडिएटर छताला लावा. पंप सगळ्यात उंच आला तर नळीतली हवा त्याच्यात साठून गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर मरतो.

तिसरी पायरी : पेस्ट आणि बसवणी

नवा कूलर लावल्यावर गेम उघडताच ९० दिसलं, तर बहुतेक वेळा कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलेलं असतं. दुसरा संशयित इंटेलच्या सोबतच्या कूलरच्या चार खुंट्या. समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबा, चारही वेळा ‘टक’ आवाज आला पाहिजे. मग मदरबोर्डच्या मागून बघा, चारही भोकांतून खुंटी पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर एका कोपऱ्यात उचललेला राहतो आणि मधल्या फटीत हवा. तांब्यातून उष्णता हवेपेक्षा हजारो पटींनी सहज जाते, पेस्टचं काम फक्त ती फट भरण्याचं.

एएम४ सॉकेटवरचा, म्हणजे ५६०० चा, जुना कूलर काढताना घाई महागात पडते. या प्रोसेसरच्या १३३१ पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात आणि सुकलेली पेस्ट त्याला कूलरसोबत सॉकेटमधून उपटून काढते. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करा, वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर थेट न उचलता बरणीच्या झाकणासारखा हलके डावी-उजवीकडे फिरवा. सुटल्याचं हाताला जाणवलं की मगच वर.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कपड्याने पुसा. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. इंटेलच्या १२व्या पिढीपासूनच्या लांबट प्रोसेसरवर उभी रेघ ओढलेली बरी. बोटाने पसरू नका, कूलरचा दाब ते काम करतो. थोडी जास्त झाली तर कडेने ओघळते, नुकसान काही नाही. कमी पडली तर कोपरा कोरडा राहतो. स्क्रू तिरप्या क्रमाने, प्रत्येक वेळी दोन-दोन फेरे. द्रवरूप धातूच्या वाटेला जाऊ नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं आणि ते विजेचंही वाहक असतं.

कार्डात गाभा आणि हॉट स्पॉट यांत १०-२० अंशांचं अंतर नेहमीचं. ते ३० च्या पुढे गेलं, किंवा वर्षभरापूर्वी १४ होतं आणि आता २६ झालं, तर पेस्ट चिपच्या कडेला सरकलीय. तापणं-निवणं हजार वेळा झालं की ती हळूहळू बाहेर ढकलली जाते. उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा, स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की हात वर करणारे असतात. मेमरीवरच्या थर्मल पॅडची (उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी ठिकठिकाणी १, १.५, २ मिलिमीटर अशी वेगळी असते. फाटलेल्या पॅडच्या जागी मूळच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड घातलं, तर मेमरी गार होते पण हीटसिंक मुख्य चिपला टेकतच नाही आणि हॉट स्पॉट थेट मर्यादेला भिडतो. म्हणून पॅड धड असतील तर त्यांना हात न लावता फक्त चिपवरची पेस्ट बदला.

उष्णताच कमी तयार केली तर?

फुकटातला हा उपाय खरेदीच्या आधी करून बघा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर गेम २५० फ्रेम काढतोय याला अर्थ नाही. ड्रायव्हरमध्ये १४१ ची मर्यादा घाला. हलक्या गेममध्ये कार्ड निम्म्या वॅटवर येतं आणि मेनूच्या पडद्यावर उगाच घोंगावणारे पंखेही शांत होतात.

दुसरं, अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देणं. चिपचा वीजवापर क्लॉकच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. तोच क्लॉक १.०५ ऐवजी ०.९० व्होल्टवर चालला, तर चिपचा प्रत्यक्ष काम करतानाचा वापर सुमारे पाव हिस्सा कमी होतो. कारखाना प्रत्येक कार्डाला जरा जास्तच व्होल्टेज देतो, कारण त्यांना सर्वांत कमकुवत चिपही चालवायची असते.

एमएसआय आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेजचा आलेख उघडेल. गेममध्ये कार्ड कितीवर चालतं ते आधी बघून ठेवा, समजा १८९० मेगाहर्ट्झ. कोअर क्लॉकचा स्लायडर उणे २५० वर न्या, म्हणजे अख्खा आलेख खाली येईल. आता ९०० मिलिव्होल्टचा ठिपका धरून १८०० पर्यंत उचला आणि बरोबरची खूण दाबा. त्याच्या उजवीकडचा आलेख सपाट झाला पाहिजे. रे ट्रेसिंगवाला गेम तासभर चालवा. गेम बंद पडला तर ठिपका २५ मिलिव्होल्ट उजवीकडे न्या. तग धरला तर १५ मेगाहर्ट्झने वर चढवून बघा. हे नकोसं वाटत असेल तर पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ओढा. फ्रेम थोड्याच कमी होतात, वॅट मात्र पाचव्या हिश्श्याने.

रायझन ५६०० ला बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवायची सोय) ‘ऑल कोअर, निगेटिव्ह १५’ द्या. इथली फसगत अशी की जड चाचणीत सगळं सुरळीत चालतं आणि मशीन नुसती बसलेली असताना अचानक रीस्टार्ट होते. तसं झालं तर १० वर या. इंटेलमध्ये बायोसच्या पॉवर लिमिटच्या जागी आकडा घाला. १३६००के ला १८१ ऐवजी १२५ वॅट दिले तरी गेममध्ये फरक शोधावा लागतो.

आफ्टरबर्नरमधलं विंडोज सुरू होताच सेटिंग लागू करणारं बटण आठवडाभर सुरळीत चालल्याशिवाय दाबू नका, नाहीतर चुकीचं सेटिंग प्रत्येक वेळी सुरू होताच मशीन लटकवेल. तिथे प्रोफाइलच्या पाच जागा असतात. १ मध्ये हिवाळ्याचं नेहमीचं सेटिंग ठेवा, २ मध्ये एप्रिल-मे साठी ८५० मिलिव्होल्ट आणि १७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर खेळायची वेळ येत असेल तर ३ मध्ये सर्वांत कमी वॅटचं.